शर्यतीच्या मैदानातून घरात : निवृत्त ग्रेहाउंड कसा सांभाळावा

ग्रेहाउंड म्हटलं की भन्नाट पळणारं कुत्रं डोळ्यांसमोर येतं. त्यामुळे घरात आणायचा म्हटल्यावर पहिली धास्ती हीच असते की याला रोज किती पळवावं लागेल! प्रत्यक्षात हा अर्ध्या मिनिटाचा धावपटू आहे. शर्यत साधारण ४८० ते ५०० मीटरची असते. तीस सेकंदांच्या आसपास ती संपते आणि उरलेला दिवस तो लोळत काढतो. घरी आल्यावर दिवसातून दोनदा २०-३० मिनिटांचं चालणं आणि आठवड्यातून एखाद-दोन वेळा बंदिस्त जागेत मोकळी धाव एवढं त्याला पुरतं. कष्ट पडतात ते भलत्याच गोष्टींसाठी. या कुत्र्याचं शरीर इतर कुत्र्यांपेक्षा बरंच वेगळं असतं आणि त्याने घर नावाची गोष्ट कधी पाहिलेलीच नसते. मालकांच्या तक्रारी असोत की पशुवैद्यांच्या चुका, बहुतेकांचं मूळ या दोन गोष्टी विसरण्यात असतं.

तो येतो कुठून

ग्रेहाउंडच्या शर्यती प्रामुख्याने ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत रुजल्या. अमेरिकेत आता त्या जवळपास संपल्या आहेत. फ्लोरिडातल्या मतदारांनी २०१८ मध्ये त्यांच्याविरुद्ध कौल दिला, २०२० अखेर तिथली मैदानं बंद झाली आणि २०२२ नंतर देशभरात वेस्ट व्हर्जिनिया राज्यातली दोन मैदानं तेवढी उरली. न्यूझीलंडनेही डिसेंबर २०२४ मध्ये हा खेळ टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यामुळे दत्तक घेतले जाणारे ग्रेहाउंड कधी थकून निवृत्त झालेले असतात, कधी दुखापतीमुळे, कधी कामापुरता वेग नसल्यामुळे, तर कधी मैदानच बंद पडल्यामुळे.

हे कुत्रं साधारण दीड वर्षाचं असताना शर्यतीत उतरतं आणि बहुधा २ ते ५ वर्षांच्या वयात बाहेर पडतं. आयुष्य १० ते १३ वर्षांचं, म्हणजे अर्ध्याहून जास्त आयुष्य घरात जायचं असतं. माद्या साधारण २५ ते ३० किलोच्या आणि नर ३० ते ३८ किलोचे असतात. वयाची खात्री करायची असेल तर कान उलटून पाहा. अमेरिकी ग्रेहाउंडच्या दोन्ही कानांत गोंदलेलं असतं. डाव्या कानात त्या वेताचा नोंदणी क्रमांक आणि उजव्या कानात जन्माचा महिना, वर्षाचा शेवटचा आकडा व पिल्लाचं अक्षर. उजव्या कानात ५२ आणि त्यापुढे इंग्रजीतलं दुसरं अक्षर असेल तर ते पिल्लू मे महिन्यातलं, २ ने संपणाऱ्या वर्षातलं. या क्रमांकावरून त्याच्या शर्यतींची नोंदही सापडते आणि ती चाळण्यासारखी असते, कारण जुन्या दुखापतींचा अंदाज तिथूनच येतो.

मैदानावर धाव नेहमी एकाच बाजूला, बहुतेक ठिकाणी डावीकडे वळत. वळणावर बाहेरच्या बाजूच्या, म्हणजे उजव्या मागच्या पायावर सगळा ताण येतो आणि त्याच पायाच्या घोट्याची हाडं मोडण्याचं प्रमाण जास्त असतं. मोडलेलं हाड जुळतं, पण सातव्या-आठव्या वर्षी तिथे संधिवात डोकं वर काढतो. म्हणून दत्तक घेतानाच विचारून ठेवावं : कुठला पाय, कधी, प्लेट किंवा स्क्रू आहेत का.

पहिले काही आठवडे

केनेलमध्ये, म्हणजे शर्यतीची कुत्री एकत्र ठेवतात त्या जागी, वाढलेल्या कुत्र्याला ठरलेल्या वेळा माहीत असतात, गाडीत चढणं माहीत असतं, मुसकं घालून घेणं आणि अंगाला माणसाचा हात लागणंही माहीत असतं. त्याला माहीत नसतात जिने, काचेची दारं, गुळगुळीत फरशी, आरसे, टीव्ही, मिक्सरचा आवाज आणि एकटं राहणं.

काचेच्या दारावर कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीला, जमिनीपासून ६० ते ८० सेंटिमीटरवर, रंगीत चिकटपट्टीच्या दोन-तीन आडव्या पट्ट्या लावा. त्याला पट्ट्याने धरून जवळ न्या आणि काचेवर बोटांनी टकटक करा. दोन आठवड्यांनी पट्ट्या काढल्या तरी चालतात. गुळगुळीत फरशीवर तो पाय फाकवून उभा राहतो, घाबरतो आणि घाबरल्यावर पंजा आवळल्याने आणखी घसरतो. त्याच्या नेहमीच्या वाटेवर, बिछान्यापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत आणि तिथून दारापर्यंत, खालून रबर असलेल्या सतरंज्या टाकल्या की प्रश्न मिटतो.

जिना शिकवायला वेळ काढावा लागतो. सुरुवात खालच्या दोन-तीन पायऱ्यांपासूनच करा. चढताना एकाने पुढे राहून गळपट्टा धरावा, दुसऱ्याने मागे राहून पुढचा एक पंजा वरच्या पायरीवर ठेवावा, मग दुसरा, मग मागचे पाय. पहिल्या दिवशी असं चार-पाच वेळा पुरे. उतरणं चढण्यापेक्षा अवघड जातं. गांगरलेला ग्रेहाउंड मधल्या पायरीवरून थेट खाली उडी घेतो आणि ३० किलोचं धूड बारीक पायांवर आदळतं. म्हणून उतरताना माणूस कायम त्याच्या पुढे, एक हात छातीला. उघड्या पायऱ्यांचा, मधून खालचं दिसणारा जिना काही कुत्री कधीच स्वीकारत नाहीत. अशा वेळी खालीच फाटक लावून मोकळं व्हावं.

शी-शूच्या बाबतीत हा गडी अर्धा शिकलेलाच येतो. झोपायची जागा घाण करायची नाही हे त्याला पक्कं ठाऊक असतं, फक्त अख्खं घर ही झोपायची जागा आहे हे कळायला वेळ लागतो. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, शिवाय झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी त्याला त्याच ठरलेल्या कोपऱ्यात न्या. आत चूक झाली तर ओरडू नका, नाहीतर तो तुमच्या नजरेआड जाऊन करायला शिकतो. डाग एन्झाइम असलेल्या क्लीनरनेच पुसा. अमोनियाचा वास असलेलं काही वापरलं तर त्याला तो लघवीचाच वास वाटतो.

एकटेपणाचा मामला मात्र नाजूक आहे. जन्मापासून याच्या आजूबाजूला दहा-वीस-पन्नास कुत्री असतात आणि अचानक रिकामं घर पदरी पडतं. दत्तक घेणारे प्रेमापोटी आठवडाभर रजा काढतात, चोवीस तास त्याच्याजवळ बसतात आणि आठव्या दिवशी कुलूप लावून कामावर जातात. संध्याकाळी येऊन पाहतात तर दाराची चौकट कुरतडलेली. रजा जरूर काढा, पण सराव पहिल्याच दिवशी सुरू करा. ३० सेकंद बाहेर, मग एक मिनिट, तीन, पाच, दहा, आणि दर वेळी तो रडायला लागायच्या आत परत. जाताना निरोप समारंभ नको, आल्यावर जल्लोष नको. घरात फोन ठेवून त्याचं व्हिडिओ चित्रण केलं तर तो खरंच झोपतोय की दाराशी येरझाऱ्या घालतोय हे कळतं. धाप, लाळ, येरझाऱ्या दिसल्या तर वेळ निम्म्याने कमी करून पुन्हा वाढवायची. काही कुत्री दुसऱ्या ग्रेहाउंडशिवाय स्थिरावतच नाहीत. मग दुसरा आणणं हा उपाय ठरतो, पण तो खर्चाचा उपाय आहे.

झोपलेल्याला हात लावू नये

हा नियम घरात लहान मूल असेल तर सर्वांत आधी सांगायचा. केनेलमध्ये प्रत्येकाचा कप्पा वेगळा, झोपेत कुणी अंगाला हात लावत नाही. त्यातून अनेक ग्रेहाउंड डोळे अर्धवट उघडे ठेवून गाढ झोपतात, त्यामुळे तो जागा आहे असं वाटतं. अशा वेळी कुणी अंगावर हात ठेवला तर तो दचकून गुरगुरतो, क्वचित हवेत दातही मारतो. हा स्वभावाचा दोष नव्हे, झोपमोडीची प्रतिक्रिया आहे. लांबून नाव घेऊन हाक मारा, मान उचलून पाहिलं की मग जवळ जा. बिछाना येण्याजाण्याच्या वाटेत नको. पहिले काही महिने सोफा आणि माणसांचा पलंग टाळलेला बरा. गुरगुरण्यावर शिक्षा करू नका. गुरगुर ही त्याची सूचना असते. ती दाबली की पुढच्या वेळी तो सूचना न देता चावतो.

बाहेर नेताना

ग्रेहाउंडचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं, त्यामुळे साधा गळपट्टा मागे सरकताच कानांवरून निघतो. त्याला मार्टिंगेल पट्टा लागतो. ओढ बसली की हा पट्टा ठरावीक मर्यादेपर्यंत आवळतो आणि ओढ थांबली की सैल होतो. रुंदी ४-५ सेंटिमीटर असावी आणि तो मानेवर वर, कानांच्या मागे बसवावा. पूर्ण आवळल्यावर त्याच्या दोन कड्या एकमेकींना टेकल्या तर पट्टा सैल आहे असं समजा. घरात किंवा क्रेटमध्ये (झोपायच्या पिंजऱ्यात) हा पट्टा काढून ठेवा, कारण त्याचा फास कुठेही अडकू शकतो.

हातातला पट्टा दीड-दोन मीटरचा, मनगटात अडकवलेला. गुंडाळी होणारा लांब पट्टा या जातीला कधीच नको. ग्रेहाउंड काही ढांगांतच वेग पकडतो, पूर्ण वेगात ताशी ६५ किलोमीटरच्या पुढे जातो आणि पाच-आठ मीटरच्या दोरीच्या टोकाला पोहोचेपर्यंत त्याच्या मानेला मोठा हिसका बसण्याइतका वेग आलेला असतो. हातातून या पट्ट्याची मूठ सुटली तर ती मागे खडखडत येते आणि तिला घाबरून तो आणखी पळतो.

कुंपण नसलेल्या जागी त्याला मोकळं सोडू नये. तो कितीही गुणी असो, अर्धा किलोमीटर दूर काही हललं तर तो निघतो आणि तुमची हाक त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत रस्ता ओलांडलेला असतो. आयर्लंडमध्ये सार्वजनिक जागी ग्रेहाउंड पट्ट्यानेच धरलेला असला पाहिजे, असं १९८६ पासून कायद्यातच आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने पाळीव ग्रेहाउंडवरची मुसक्याची सक्ती २०१९ मध्ये उठवली, पण पट्ट्याची कायम ठेवली. कुंपण दीड ते १.८ मीटर उंच असावं. शॉक देणारं अदृश्य कुंपण निरुपयोगी, कारण धक्का जाणवेपर्यंत तो पलीकडे गेलेला असतो. कुंपणाची पहिली ओळख पट्ट्याने धरून, कडेकडेने फिरवून करून द्यावी.

चालताना मधेच तो जागच्या जागी थिजतो आणि पाऊल उचलत नाही, हे इतकं सर्रास होतं की नव्या मालकांना तो हट्टी वाटतो. बहुतेक वेळा आवाज, वास आणि गाड्या हे सगळं त्याला झेपेनासं झालेलं असतं. ओढू नका. ओढलं की तो उलट रेटतो. मिनिटभर थांबा, मग बाजूला एक-दोन पावलं टाकून हलकेच वळवा. तोल सावरायला त्याला एक पाऊल टाकावंच लागतं आणि तिथून तो चालू लागतो. पहिल्या आठवड्यात एकच रस्ता, दहा-पंधरा मिनिटं. महिन्याभरानंतरही रोज थिजत असेल तर मात्र कुठे दुखतंय का हे तपासून घ्या.

मांजर आणि लहान कुत्री यांच्याबाबत आशेवर राहू नये. काही ग्रेहाउंड मांजराकडे ढुंकून पाहत नाहीत, काहींना त्यांच्यासोबत ठेवणं कधीच सुरक्षित नसतं, आणि बरेचसे मधल्या गटात असतात व शिकतात. ओळख करून देताना त्याला आधी फिरवून आणा, मुसकं घाला, पट्टा हातात ठेवा आणि मांजराला निसटायला उंच जागा मोकळी ठेवा. त्याने पाहून मान फिरवली तर उत्तम. अंग ताठ, कान पुढे, नजर खिळलेली, दात कडकड वाजतायत आणि हाक मारूनही नजर हलत नाही, असं असेल तर तिथेच थांबवा. घरातल्या मांजराशेजारी शांत झोपणारा कुत्रा अंगणात पळणाऱ्या त्याच मांजरामागे धावू शकतो, हे विसरू नये. छोट्या केसाळ कुत्र्यांचंही तसंच. आयुष्यभर त्याने फक्त ग्रेहाउंडच पाहिलेले असतात. समोरचा कापसाचा गोळा आपल्याच जातकुळीतला आहे हे त्याच्या लक्षात यायला वेळ लागतो.

मुसकं पाहून लोक हळहळतात. त्याची गरज नाही. जाळीदार मुसक्यातून त्याला धाप टाकता येते, पाणी पिता येतं आणि त्याला त्याची जन्माची सवय असते. दोन ग्रेहाउंड एकत्र मोकळे पळणार असतील तर दोघांनाही मुसकं घालाच. खेळात एकमेकांना दात लावण्याची त्यांना खोड असते आणि त्यांची कातडी कागदासारखी फाटते.

अंग, अन्न, दात

कातडी पातळ, केस आखूड, अंगात चरबी नाममात्र. त्यामुळे काटेरी तार, खिळा किंवा फाटकाची कड एवढ्यानेही टाके घालण्याइतकी जखम होते. शेपटीचं टोक भिंतीवर आपटून फुटतं आणि ते भरायला आठवडे जातात. पारा १० अंशांखाली गेला की बाहेर जाताना अंगावर कोट हवा. २५ अंशांच्या वर पळवणं बंद, फक्त पहाटे किंवा रात्री चालणं. एकाच जोरदार धावेने त्याच्या शरीराचं तापमान ४१ अंशांपर्यंत चढू शकतं, म्हणून गरम दिवशी ‘थोडंसंच पळू दे’ हे धोक्याचं. बिछाना निदान दहा सेंटिमीटर जाड हवा, नाहीतर कोपरांवर आधी केस जातात आणि मग घट्टे पडतात.

‘बस’ ही आज्ञा त्याला शिकवायचा आग्रह नको. मांड्यांचे स्नायू एवढे भरलेले असतात की ढुंगण टेकून बसणं अनेकांना अवघडच जातं. ‘थांब’ आणि ‘आडवा हो’ यावर काम भागतं.

कोरडं खाणं ३० किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ४०० ग्रॅम, दोन वेळांत विभागून. नेमका आकडा पाकिटावरच्या कॅलरींवर ठरतो. अशा कुत्र्याला सुमारे १४०० किलोकॅलरी लागतात असं धरून चाला आणि वजन पाहून कमी-जास्त करा. केनेलचं अन्न वेगळं असतं, अमेरिकेत तर बरंचसं कच्चं मांस, म्हणून बदल सात ते दहा दिवसांत हळूहळू करावा. शर्यतीच्या वजनापेक्षा दोन-तीन किलो वाढलं की ठीक. शेवटच्या दोन-तीन बरगड्या पुसट दिसायला हव्यात. ‘हा किती वाळलाय’ असं म्हणणाऱ्या शेजाऱ्यांच्या दबावाखाली खायला घालत सुटलं की जुन्या मोडलेल्या घोट्यावर भार येतो.

छाती खोल असल्याने पोटाला पीळ पडण्याचा धोका असतो. जेवणाआधी आणि नंतर तासभर पळणं नको. पोट फुगलंय, ओकाऱ्या येतायत पण काहीच पडत नाही, कुत्रं अस्वस्थ आहे, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. यात तासांवर जीव जातो.

बऱ्याच निवृत्त ग्रेहाउंडचे दात ते घरी येतात तेव्हाच वाईट असतात : कीटण, सुजलेल्या हिरड्या, दुर्गंधी. आधी भूल देऊन एकदा पूर्ण साफसफाई, मग रोज ब्रश. पहिले काही दिवस दहा सेकंद पुरे. माणसांची टूथपेस्ट वापरू नका. तिच्यातलं फ्लोराइड आणि काहींमधलं झायलिटॉल हे गोडी आणणारं द्रव्य कुत्र्यांना बाधतं.

आल्या आल्या विष्ठा तपासून घ्या. हुकवर्म, म्हणजे आतड्यातले रक्त पिणारे जंत, हा केनेलचा जुना रोग आहे आणि अमेरिकी ग्रेहाउंडमधल्या काही हुकवर्मना नेहमीची औषधं लागू पडेनाशी झाली आहेत. शिवाय स्नायूंत दडलेल्या अळ्या औषधानंतर पुन्हा आतड्यात येतात. म्हणून डोस झाल्यावर दोन आठवड्यांनी परत तपासणी करा आणि विष्ठा रोजच्या रोज उचला, कारण या अळ्या माणसाच्या अनवाणी पायातूनही कातडीत शिरतात. गोचिडांमुळे होणाऱ्या बॅबेसिया आणि एर्लिकिया यांची रक्ततपासणी एकदा करून ठेवावी.

पशुवैद्याला आवर्जून सांगायच्या गोष्टी

ग्रेहाउंडचा रक्त अहवाल इतर कुत्र्यांच्या मापाने वाचला तर निरोगी कुत्रा आजारी ठरतो. याचं रक्त दाट असतं. इतर कुत्र्यांत तांबड्या पेशींचं प्रमाण साधारण ३७ ते ५५ टक्के, तर याच्यात ५० ते ६० किंवा थोडं वरही असतं. त्यामुळे ४० टक्के हा आकडा इतरांसाठी ठीक, पण ग्रेहाउंडसाठी रक्तक्षयाची शंका घेण्याजोगा. प्लेटलेट्स आणि पांढऱ्या पेशी जात्याच कमी असतात. क्रिएटिनिन हा रक्तातला टाकाऊ घटक स्नायूंमुळे जरा जास्त असतो, म्हणजे मूत्रपिंडाचं दुखणं असेलच असं नाही. हृदय मोठं असल्याने ठोक्यांसोबत हलकी कुरकुर (मर्मर) ऐकू येते.

सर्वांत जास्त गफलत थायरॉइडची होते. टी-फोर हे थायरॉइडचं संप्रेरक ग्रेहाउंडमध्ये नेहमीच कमी भरतं. त्यातच मांड्यांच्या मागे केस नसतात, आणि हे टक्कल या जातीत सर्रास आढळतं. दोन्ही जुळवून आयुष्यभराच्या गोळ्या सुरू होतात. टी-फोर एकट्यावर निदान करू नका, टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) बघा आणि कुत्रा खरंच सुस्त, जाड होतोय का ते पाहा.

भूल द्यायची तर थायोपेंटलसारखी थायोबार्बिट्युरेट औषधं टाळावीत. यकृतात ती तोडणारं एन्झाइम या जातीत कमी सक्रिय असतं आणि औषध सामावून घ्यायला अंगात चरबीही नसते, त्यामुळे कुत्रं तासन्‌तास शुद्धीवर येत नाही. प्रोपोफॉलनेही जरा उशीर लागतो, पण ते चालतं, आणि आयसोफ्लुरेन वायू सुरक्षित आहे.

शस्त्रक्रियेनंतरचा रक्तस्राव याहून फसवा. टाके नीट, पहिला दिवस उत्तम, कुत्रं घरी आणलेलं. मग ३६ ते ४८ तासांनी टाक्यांतून रक्त पाझरू लागतं, पोटावर आणि पायावर काळेनिळे डाग पसरतात. नेहमीच्या गोठण्याच्या चाचण्या बरोबर येतात, कारण गुठळी तयार होते पण वेळेआधी विरघळते. साध्या नसबंदीनंतरही हे घडतं. त्यासाठी ट्रॅनेक्झॅमिक किंवा अमिनोकॅप्रॉइक ॲसिड शस्त्रक्रियेच्या वेळीच सुरू करून काही दिवस दिलं जातं. याची चर्चा ऑपरेशनच्या आधी करायची, आणि घरी तिसऱ्या दिवसापर्यंत जखम दर काही तासांनी पाहायची.

आणि लंगडणं. डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर लंगडतो आणि गवतावर नीट चालतो, असं असेल तर पंजाची गादी धुऊन प्रकाशात बघा. पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांवर गोल, कडक, किंचित फिकट ठिपका दिसला तर ते कुरूप (कॉर्न) आहे. या जातीत ते नेहमीचं आहे. मुळासकट खरवडून काढलं की आराम पडतो, पण बहुधा काही आठवड्यांनी परत येतं. जाड तळव्याचा बूट मदत करतो. गवतावरही लंगडतो, दोन आठवडे झाले तरी कमी नाही, हाडावर हात लावला की पाय ओढून घेतो, आणि वय सहा-सातच्या पुढे, असं असेल तर मुरगळ समजून वेदनाशामकावर दिवस ढकलू नका. ग्रेहाउंडमध्ये हाडाच्या कर्करोगाचं, ऑस्टिओसार्कोमाचं, प्रमाण इतर बहुतेक जातींपेक्षा जास्त आहे. तो खांद्याजवळ, मनगटाच्या वर किंवा गुडघ्याजवळ सुरू होतो. त्या आठवड्यातच एक्स-रे काढून घ्या. पहिला स्वच्छ आला आणि लंगडणं थांबलं नाही, तर दोन-तीन आठवड्यांनी दुसरा.